गुलाबवेड्या माणसाला सणाला काय द्यावं? पुण्यातल्या खरेदीचं पायरीवार मार्गदर्शन

गुलाब लावणाऱ्या माणसाला भेट द्यायची वेळ आली की बहुतेक जण गुलाबाचं चित्र असलेलं काहीतरी उचलतात. चहाचा मग, उशीचे अभ्रे, काचेचा गुलाब, गुलाबाच्या वासाची मेणबत्ती. आमच्या घरी अशा वस्तूंचा एक अख्खा कप्पा आहे आणि तो क्वचितच उघडतो. ज्याच्या गच्चीवर खरे गुलाब आहेत त्याला चित्रातल्या गुलाबाचं काय कौतुक? काहीजण फुलांचा गुच्छ घेऊन येतात. तो घेताना यजमान हसतात, पण डोळ्यांनी पाकळ्या मोजत असतात.

गेली बरीच वर्षं मी सहकारनगरमधल्या गच्चीवर गुलाब लावतो, आणि आमच्या गोतावळ्यातल्या गुलाबवाल्यांना काय द्यायचं हे विचारायला नातेवाईक मलाच फोन करतात. त्या सगळ्यांना जे सांगतो ते इथे एकदाच लिहून ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे: माणसाची आवड बघून भेट ठरवू नका, त्याच्या झाडांचं वेळापत्रक बघून ठरवा. पुण्यात सण आणि गुलाबाचा हंगाम एकाच वेळी येतात, त्यामुळे योग्य वस्तू योग्य आठवड्यात दिली तर ती दुसऱ्याच दिवशी वापरात येते.

१. आधी कॅलेंडर बघा

आपल्याकडे पाऊस सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळून जातो. तो थांबला की गुलाबवाले झाडांचं पाणी थोडं तोडतात आणि ऑक्टोबरच्या मध्याला वर्षातली मोठी छाटणी करतात. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुलांचा पहिला भर येतो.

म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला हा माणूस छाटणी, माती बदलणं, खत भरणं यात बुडालेला असतो. त्याला अवजारं आणि खत द्या. नाताळ आणि नव्या वर्षाला गच्ची फुललेली असते. तेव्हा फुलं ठेवायची, दाखवायची, मिरवायची साधनं द्या. जानेवारीत संक्रांतीचं वाण असतं आणि प्रदर्शनांचे दिवस असतात. मार्चनंतर झाड जगवणं हेच काम उरतं. त्या दिवसांत कुणाच्या वाढदिवसाला नवं रोप दिलंत तर तुम्ही त्याला उन्हाळाभराची काळजी दिलीत.

२. गच्चीवर एक चक्कर मारा

फराळाचं ताट द्यायच्या निमित्ताने जा आणि "झाडं दाखवा ना" म्हणा. एवढं म्हटलं की पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही. त्या वेळात हे बघून घ्या:

- झाडं कुंडीत आहेत की जमिनीत? कुंड्या किती मोठ्या आहेत?
- ऊन किती तास येतं? गुलाबाला निदान पाच-सहा तासांचं थेट ऊन लागतं. पूर्वेची बाल्कनी असेल तर सकाळचं ऊन चालतं, उत्तरेच्या बाल्कनीत गुलाब रुसतो.
- छाटणीची कात्री कोणती आहे, किती जुनी आहे? तिला स्प्रिंगऐवजी रबरबँड लावला असेल तर तुमचा प्रश्न सुटला.
- माणूस डावखुरा आहे का? हाताचा पंजा लहान आहे का?
- झाडांना नावाच्या पाट्या आहेत का? पाट्या असतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तीच जात पुन्हा देण्याची नामुष्की टळते.
- घरात हाडांचा चुरा चालतो का? याचं कारण खतांच्या भागात येईल.

खरेदीला निघताना हा फोटो, मोजायची टेप आणि एक मजबूत कापडी पिशवी जवळ असू द्या. बिल मागून घ्या. अवजाराची मूठ हातात बसली नाही तर बदलून आणावं लागतं, आणि पेठेतला दुकानदार बिलाशिवाय तुम्हाला ओळख दाखवेल याची खात्री नाही.

३. छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर

एकच भेट द्यायची असेल तर ही द्या. पण यात सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

सिकेटर दोन प्रकारचं मिळतं. एकात धारेचं पातं दुसऱ्या वाकड्या पात्याला घासून पुढे जातं. आपली शिवणाची कात्री चालते तसंच. याला दुकानात बायपास म्हणतात. दुसऱ्यात धारेचं पातं एका सपाट पट्टीवर येऊन आदळतं. हा प्रकार वाळलेल्या काटक्या तोडायला ठीक, पण गुलाबाची ओली फांदी त्यात चेचली जाते. चेचलेलं टोक काळं पडतं आणि फांदी वरून खाली वाळत येते. याला गुलाबवाले डायबॅक म्हणतात आणि त्याच्या नावाने सगळे धसकतात. तेव्हा बायपासच घ्या.

दुकानात हातात धरून चार गोष्टी तपासा. मूठ पूर्ण उघडली तरी बोटं टोकापर्यंत पोचली पाहिजेत. कडी एका हाताने, अंगठ्याने लागली-निघाली पाहिजे. पातं आणि स्प्रिंग सुटी मिळतात का ते विचारा. आणि मूठ लाल किंवा केशरी असू द्या, कारण हिरव्या मुठीचं सिकेटर छाटलेल्या फांद्यांच्या ढिगात जातं ते थेट कचऱ्याच्या गाडीत निघतं.

रोजच्या वापराला फाल्कनसारख्या भारतीय बनावटीचं सिकेटर चांगलं चालतं आणि खिशाला झेपतं. सगळ्या भावंडांनी मिळून काही द्यायचं असेल, बाबांची पंचाहत्तरी वगैरे, तर स्वित्झर्लंडचं फेल्को बघा. ही कंपनी १९४५ पासून हेच काम करते. तिचं २ नंबरचं मॉडेल जगभर वापरात आहे, लहान पंजासाठी ६ नंबर आणि डावखुऱ्यांसाठी ९ नंबर आहे. किंमत काही हजारांत जाते, पण पातं, स्प्रिंग, स्क्रू सगळं वेगळं मिळतं, त्यामुळे ते टाकून द्यायची वेळ येत नाही. स्वस्तात दिसलं तर नकलेची शंका घ्या.

बोटाहून जाड, जुन्या लाकडी फांद्यांसाठी सिकेटर वापरलं की त्याचं पातं हलतं. ज्यांची झाडं सात-आठ वर्षांची आहेत त्यांना सोबत मिटणारी छोटी करवत द्या.

धारदार वस्तू भेट देऊ नये असं मानणारी मंडळी असतात. त्यांच्याकडून एक रुपया घ्या आणि "विकली" म्हणा. आमच्या आत्याने ही पळवाट आनंदाने मान्य केली होती.

सिकेटर नुसतं खोक्यात देण्यापेक्षा वेताच्या परडीत छाटणीचं सगळं साहित्य रचून द्या: सिकेटर, धार लावायचा छोटा दगड, मशीनच्या तेलाची बाटली, पाती पुसायला स्पिरिट आणि कापूस, काप रंगवायला एक इंची ब्रश, आणि बोर्डो पेस्टचं साहित्य. बोर्डो पेस्ट म्हणजे कापांना बुरशीपासून वाचवणारा लेप: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या लिटरमध्ये कालवून मग एकत्र करतात आणि ताजी असतानाच जाड फांद्यांच्या कापांवर लावतात. लोखंडी भांडं वापरायचं नाही, मोरचूद ते खातं. मोरचूद विषारी आहे. पुडीवर ठळक अक्षरांत तसं लिहा आणि परडी देताना घरातल्या लहान मुलांच्या हाती देऊ नका. निळे खडे फार सुंदर दिसतात, हीच अडचण आहे.

४. हातमोजे

बागकामाचे म्हणून जे फुलाफुलांचे सुती मोजे मिळतात ते गुलाबाच्या काट्याला अडवत नाहीत. तळव्याला रबर असलेलेही नाहीत, कारण काटा मनगटाला आणि कोपराखाली लागतो. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत वेल्डिंगचे चामडी हातमोजे मिळतात, कोपरापर्यंत येणारे. दिसायला ओबडधोबड, पण गुलाबासाठी त्यांच्याइतकं उपयोगी मी काही पाहिलेलं नाही. ते मोठ्या पंजाचे असतात. काकू, वहिनी, आजी यांच्यासाठी घेताना पातळ चामड्याचे मोजे घ्या आणि बाह्यांसाठी जुन्या जीन्सचे पाय कापून, इलॅस्टिक घालून शिवून द्या. ही घरची शिलाई पाहून माणूस जास्त खूश होतो.

बोहरी आळीत गाडी घेऊन जाऊ नका. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर अजिबात नाही.

५. खत द्या, पण विचारून

खत भेट द्यायला लोक लाजतात. लाजू नका. चांगलं कुजलेलं शेणखत शहरात मिळणं किती अवघड आहे हे गुलाबवाल्याला विचारा. गावाकडे शेत असेल, शिरूरला, पुरंदरला, मावळात कुठेही, तर येताना दोन गोण्या टाकून आणा. अट एकच: खत जुनं, काळं, भुसभुशीत आणि वास नसलेलं हवं. ताज्या शेणात हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खातात. ओंजळभर घेऊन दाबून बघा. हाताला चिकटलं, उष्ण लागलं, तर अजून कुजायचं आहे.

गांडूळखत आणि निंबोळी पेंड या दोन गोष्टी कुठल्याही गुलाबवाल्याला चालतात.

हाडांचा चुरा गुलाबाला चांगला, हळूहळू स्फुरद (फॉस्फरस) देणारा. पण शाकाहारी घरात, विशेषतः जैन कुटुंबात किंवा जिथे देवासाठी याच झाडांची फुलं तोडतात तिथे, तो दारात आलेला खपत नाही. ऐन लक्ष्मीपूजनाला कुणाच्या घरी हाडांची पिशवी नेऊन ठेवू नका. तिथे सिंगल सुपर फॉस्फेट द्या. कुत्रा पाळलेल्या घरातही हाच सल्ला, कारण कुत्रं कुंडी उकरून काढतं.

"आठ दिवसांत फुलंच फुलं" अशा बाटल्या घेऊ नका. आत काय आहे हे वेष्टनावर लिहिलेलं नसेल तर ती भेट नव्हे.

याच भागात एक भेट सुचवतो, जी कुणालाच सुचत नाही: मातीची तपासणी. पुण्यात काळी माती, त्यात अनेक सोसायट्यांना बोअरचं जड पाणी. अशा मातीचा सामू (पीएच) वर सरकतो आणि गुलाबाला लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. लोक खत वाढवत राहतात आणि झाड तसंच राहतं. गुलाबाला ६ ते ७ च्या दरम्यानचा सामू मानवतो. स्वस्तातले खुपसायचे मीटर यासाठी भरवशाचे नसतात. शासकीय मृदा चाचणी प्रयोगशाळा आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत. तुम्ही नमुना घ्यायचा, पोचवायचा, पैसे भरायचे आणि अहवाल पाकिटात घालून द्यायचा.

नमुना असा घ्या: चार-पाच कुंड्यांतून वरचा थर बाजूला सारून सहा इंच खोलीवरची थोडी थोडी माती काढा. ती एकत्र करून सावलीत वाळवा, खडे-मुळ्या काढा आणि अर्धा किलो माती स्वच्छ कापडी पिशवीत भरा. आत चिठ्ठी टाका: नाव, पत्ता, तारीख, पीक गुलाब. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका, अहवाल खताचाच येतो. घरी पाणी बोअरचं असेल तर एका स्वच्छ बाटलीत तेही द्या.

६. रोप द्यायचंच असेल तर

आधी स्वतःला विचारा, त्याच्याकडे जागा आहे का? गुलाबवाला "जागा नाही" म्हणतो आणि तरीही रोपं आणतो, हे खरं. पण ते रोप त्याने निवडलेलं असतं. म्हणून माझी पसंती अशी: एका पाकिटात पैसे घाला, वर लिहा "एका सकाळी नर्सरीला तुमच्यासोबत येतो, गाडी माझी", आणि खरंच जा. सोलापूर रस्त्याला हडपसरच्या पुढे उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या आहेत. एक रविवार मजेत जातो.

न विचारता द्यायचंच असेल तर निवडताना हे बघा.

गुलाबाचं रोप कलमी असतं. खाली रानगुलाबाचा खुंट आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे अंकुर, भरलेला. जिथे डोळा भरला तिथे गाठ दिसते. त्या गाठीच्या वरून किमान दोन-तीन जोमदार फांद्या फुटलेल्या हव्यात. गाठीच्या खालून आलेली फूट म्हणजे रानफूट. ती सगळं अन्न ओढते आणि वरचा चांगला गुलाब मरतो. "सात पानं म्हणजे रान, पाच पानं म्हणजे कलमी" हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. त्यावर विसंबू नका, अनेक चांगल्या जातींना सात पानं येतात. फांदी कुठून निघाली ते बोटाने खालपर्यंत चाचपून बघा.

एकच लांब फांदी आणि तिच्या टोकाला भलंमोठं फूल, असं रोप नवखा माणूस हमखास उचलतो. त्यापेक्षा बुटकं, तीन फांद्यांचं, लहान कळीचं रोप घ्या. पण एक तरी फूल उमललेलं बघा, कारण पाटीवर एक नाव आणि झाडावर भलताच रंग हे नर्सरीत नेहमीचं आहे. पानं उलटून खालच्या बाजूला बघा. बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके असतील तर ती लाल कोळी नावाची कीड, म्हणजे तुम्ही कोळी भेट देताय आणि तो महिन्याभरात सगळ्या गच्चीवर पसरेल.

"डच गुलाब" म्हणून जे विकतात ते बहुतेक पॉलिहाउससाठीचे वाण असतात. तळेगाव, मावळ भागातून व्हॅलेंटाइन डेला परदेशात जाणारी लांब दांड्याची फुलं त्यांचीच. आच्छादनाखाली, ठिबकवर ते डौलात वाढतात. उघड्या गच्चीवर त्यांचं जमेलच असं नाही.

नाव सांगा म्हणाल तर, पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्याला मी पांढरा आइसबर्ग देईन. १९५८ चा आहे, झुपक्याने फुलतो आणि फार लाड मागत नाही. सुवासासाठी डबल डिलाइट, १९७७ चा, मलईसारख्या पाकळ्यांना लाल कडा. ऊन जितकं जास्त तितका लाल रंग पसरतो. गडद लाल आणि घमघमीत हवा तर पापा मेयां, पण त्यावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) लवकर येते, म्हणून तो मुरलेल्या माणसाला द्या. आजोबांच्या पिढीला पीस द्या. दुसरं महायुद्ध संपताना १९४५ मध्ये त्याला हे नाव मिळालं. किंवा ग्लॅडिएटर द्या. पॉलिहाउस यायच्या आधी आपल्याकडच्या उघड्या शेतातून बाजारात येणारा लाल गुलाब बहुतेक हाच असायचा, आणि ज्यांनी तो पाहिलाय त्यांचे डोळे नाव ऐकूनच चमकतात. संग्राहक माणूस असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे वाण शोधा: मृणालिनी, रक्तगंधा, अर्जुन. सहज मिळत नाहीत, म्हणूनच शोधून दिले तर किंमत कळते.

रोप नेताना दुचाकीवर समोर ठेवून नेऊ नका. वाऱ्याने कोवळी फूट मोडते. आणि देताना सोबत एक चिठ्ठी ठेवा:

- आल्या आल्या मोठ्या कुंडीत लावू नका. आठवडाभर उजेडाच्या पण कडक ऊन नसलेल्या जागी, इतर झाडांपासून लांब ठेवा.
- पिशवी फाडल्यावर मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा निघाला तर तो पाण्यात भिजवून कडेने हलकेच मोकळा करा. तसाच लावला तर पाणी बाहेरून वाहून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात.
- कलमाची गाठ मातीच्या वर एक-दोन इंच राहू द्या.
- पहिल्या कळ्या खुडून टाका. जिवावर येतं, पण झाडाला आधी मुळं करू द्या.

आता सापळा. निळ्या, काळ्या, इंद्रधनुषी गुलाबाचं बी ऑनलाइन विकायला असतं, फोटोही झकास असतात. घेऊ नका. कलमी गुलाबाच्या जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत, त्या डोळा भरून किंवा काडी लावूनच करतात. आणि खरा निळा गुलाब अजून कुणाला जमलेला नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून केलेला आणि २००९ मध्ये बाजारात आणलेला गुलाबसुद्धा फिकट जांभळाच दिसतो. इंद्रधनुषी फूल म्हणजे रंगाच्या पाण्यात दांडी बुडवून रंगवलेला पांढरा गुलाब.

७. फवारणी: औषध नको, साधनं द्या

कीटकनाशक भेट देऊ नका. कोणत्या किडीला काय मारायचं हे त्या माणसाने ठरवायचं असतं, आणि वेष्टनावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण म्हणजे ते जास्त विषारी आहे. त्याऐवजी दोन लिटरचा दाबाचा हातपंप द्या. पन्नासेक कुंड्या असतील तर पाच लिटरचा, पट्ट्याने खांद्याला अडकवायचा. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप साठीपुढच्या माणसाला देऊ नका, भरल्यावर तो उचलवत नाही.

पंपासोबत मिलिलिटरच्या खुणांचा मापाचा ग्लास, सुई नसलेली सिरिंज, मास्क आणि चष्मा द्या. घरोघरी औषध "झाकणभर" मोजलं जातं आणि तिथेच पानं जळतात. एक दहापट मोठं दाखवणारं भिंगही घाला. फुलकिडे आणि लाल कोळी साध्या डोळ्यांना धड दिसत नाहीत, आणि भिंग मिळालं की नातवंडंही गच्चीवर येऊ लागतात.

८. कुंड्या, चाकं, पाट्या

कुंडी द्यायची तर हायब्रिड टी (एका दांडीवर एक मोठं फूल येणाऱ्या) जातीच्या झाडाला १४ ते १६ इंची, मिनिएचरला (बुटक्या, लहान फुलांच्या गुलाबाला) १० इंचीसुद्धा पुरते. कसब्यातल्या कुंभारवाड्यात मातीच्या कुंड्या मिळतात आणि उन्हाळ्यात मुळं थंड राहतात. पण एक विचार करा: १४ इंची कुंडी ओल्या मातीसकट चाळीस किलोच्या आसपास भरते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून सोसायटीत आधीच वाद चालू असेल तर तुमची भेट त्यात तेल ओतेल. अशा घरी कुंडीऐवजी चाकांचे स्टँड द्या. कुंडी सरकवता येते, खालची फरशी कोरडी राहते, आणि कंबर वाचते.

नावाच्या पाट्यांसाठी पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि साधी पेन्सिल. मार्करची अक्षरं एका उन्हाळ्यात उडतात. पट्टीवर पेन्सिल दाबून लिहिलं की खाच पडते आणि पावसातही वाचता येतं. खर्च जवळजवळ शून्य. जातीचं नाव आणि लावल्याची तारीख तुम्हीच सुवाच्य अक्षरांत लिहून दिलीत तर उत्तम, त्यासाठी तो पाट्यांचा फोटो.

९. फुलं दाखवणाऱ्यांसाठी

डिसेंबरमध्ये सगळं एकदम फुलतं आणि घरातले पेलेसुद्धा फुलदाणीच्या कामाला लागतात. जड बुडाच्या, अरुंद तोंडाच्या, एकेक दांडी मावेल अशा सहा बाटल्या द्या. सगळ्या एकसारख्या असाव्यात असं काही नाही, जुन्या बाजारातल्याही चालतील.

प्रदर्शनात फुलं ठेवणारे हे वेगळंच प्रकरण आहे. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला पुष्पप्रदर्शन भरतं, आणि रोझ सोसायटी ऑफ पुणेची खास गुलाबांची प्रदर्शनं असतात. तिथे सर्वोत्तम फुलांना किंग, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असे मान मिळतात, आणि त्या तारखेवर डोळा ठेवून लोक छाटणीचा दिवस ठरवतात. अशा माणसाला उंच, सरळ बाजूंची बादली द्या, फुलं मानेपर्यंत पाण्यात उभी राहतील अशी. तिच्या तोंडावर बसेल अशी जाळी कापून द्या, म्हणजे गाडीत फुलं एकमेकांवर आपटत नाहीत. पाकळ्या साफ करायला मऊ केसांचा ब्रश, कापसाच्या काड्या आणि बारीक कात्री एका डबीत घाला. आणि प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे गाडी चालवायची तयारी दाखवा.

जो प्रदर्शनात उतरत नाही पण फुलं लावतो, त्याला अशा एखाद्या संस्थेचं वर्षाचं सभासदत्व भरून द्या. छाटणीची प्रात्यक्षिकं बघायला मिळतात, आणि मुख्य म्हणजे त्याचं बोलणं ऐकून घेणारी माणसं मिळतात. घरच्यांनाही थोडी उसंत.

१०. संक्रांतीचं वाण

हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाटायचा कंटाळा आला असेल तर: पाव किलो निंबोळी पेंडीची पुडी, गांडूळखताची छोटी कापडी पिशवी, सुतळीचा गुंडा, किंवा दहा ॲल्युमिनियमच्या पाट्या आणि पेन्सिल. पुडीवर "एका कुंडीला एक मूठ, मातीत मिसळून" एवढं लिहा. निंबोळी पेंडीला उग्र वास असतो, तिळगुळाच्या पिशवीत ती टाकू नका.

११. सुट्टीत पाणी घालायची हमी

दिवाळीत, नाताळात गुलाबवाल्यांना कोकणात जावंसं वाटतं, पण छाटलेल्या झाडांना पाणी कोण घालणार म्हणून जात नाहीत. बॅटरीवर चालणारा टायमर आणि कुंड्यांसाठीचा ठिबकचा संच ही झकास भेट आहे. तो ते निघायच्या आठवडाभर आधी बसवून द्या, कारण पहिल्या दोन दिवसांत एखादी नळी हमखास निसटते. टाकीचं पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर टायमर त्या वेळेला लावा.

संच परवडत नसेल तर स्वतः पाणी घाला. तसं कार्डावर लिहून द्या: "पाच दिवस, सकाळी सात वाजता, मी येईन." किती पाणी घालायचं ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. पानं भिजवू नका, मातीत घाला. ओल्या पानांवर काळे ठिपके येतात.

१२. परदेशातून आणायचं किंवा तिकडे न्यायचं असेल

इंग्लंडमधला भाचा सुट्टीला येताना तिथल्या गुलाबाची काडी बॅगेत टाकून आणतो म्हणाला तर त्याला थांबवा. परदेशातून रोप किंवा काडी भारतात आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ही कागदपत्रं नसतील तर विमानतळावर माल जप्त होतो. अमेरिकेतल्या मुलीकडे जाताना आपली कलमं नेण्याचंही तसंच, आणि मुळांना माती असेल तर विचारच नको.

भाच्याला सिकेटरची सुटी पाती, चामडी मोजे, पंपाचं चांगलं नोझल असं आणायला सांगा. धारेच्या वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाहीत, त्या चेक-इन सामानात घालायच्या. जाणाऱ्याने तिकडच्या नर्सरीतून, तिथल्या हवामानाला मानवणारं रोप मागवून मुलीच्या पत्त्यावर पाठवावं. फक्त जिथे बर्फ पडतो तिथे लागवडीचा हंगाम वसंतात असतो, म्हणून मागणी दिवाळीत नोंदवली तरी रोप घरी कधी पोचवायचं ती तारीख तिलाच विचारून भरा.